एरियलचे दुसरे अर्धे

भिलाई हे नाव उच्चारले की धुरांड्या, झोतभट्ट्या आणि आखीव रस्त्यांच्या दुतर्फा मांडलेली सेक्टरांची वसाहत डोळ्यांपुढे उभी राहते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तिकडे गेली, तशी विदर्भातूनही गेली. माझे एक स्नेही अशाच एका कुटुंबातील आहेत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौशी बिनतारी चालकाचा सरकारी परवाना काढला आणि आपल्या जुन्या जीपवर दोन मीटर लहरींचा संच बसविला. मी त्यांच्याकडे पाहुणा म्हणून गेलो तेव्हा ते अंगणात बसून एका काळ्या केबलीचे तुकडे करीत होते.

त्यांची अडचण अशी होती. जीपच्या मागील बाजूस लोखंडी कंस बसवून त्यावर सुमारे अर्ध्या मीटरची काठी उभी केली होती. संचापासून काठीपर्यंत कोॲक्सियल केबल, म्हणजे समाक्ष तार, नेली होती. एरियलचा संचाशी मेळ किती बसला हे दाखविणारे मीटर मध्ये जोडले होते. परंतु मीटरचा काटा काही केल्या एका जागी राहीना. केबल वीतभर कापली की आकडा बदले. गुंडाळी सोडली की बदले. गाडीत शेजारी कोणी बसले आणि त्याचा गुडघा केबलीला टेकला, तरी बदले. कापता कापता एका विशिष्ट लांबीला आकडा फार सुरेख आला, म्हणून ते आनंदले, आणि दुसऱ्या दिवशी जी. ई. रोडने दुर्गपर्यंत जाऊन येईतो तो आनंदही संपला. त्यांनी मला विचारले, "काठी तीच, संच तोच, मग केबल का म्हणून मध्ये बोलते?"

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर देण्यास बिनतारी विद्येला जवळजवळ चाळीस वर्षे लागली आहेत. तो इतिहास मला फार मनोरंजक वाटतो.

त्याचा आरंभ बिनतारीच्याही पूर्वीचा, तारायंत्राचा आहे. विजेचा प्रवाह जावयाचा तर त्याला परतीची वाट हवी, हे पहिल्यापासून ठाऊक होते, आणि म्हणून प्रारंभी दोन तारा घालीत. १८३८ मध्ये जर्मनीत श्टाइनहाइल यांनी न्यूरेंबर्ग ते फ्यूर्थ या मार्गावरील आगगाडीच्या रुळांचाच तार म्हणून उपयोग करून पाहिला. रुळांतून प्रवाह गेला नाही. तो जमिनीत झिरपून गेला. दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून हात झटकून मोकळा झाला असता. श्टाइनहाइल यांनी मात्र ओळखले की जमीन स्वतःच परतीची वाट होऊ शकते. एक तार वाचली, म्हणजे निम्मा खर्च वाचला! आपल्या देशात कलकत्त्याला डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये तारेचे जे प्रयोग केले त्यांत त्यांनी हुगळी नदीच्या पाण्याकडून परतीचे काम करवून घेतले होते. पुढे १८५४ मध्ये तारायंत्र जनतेस खुले झाले. त्याच वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि आज जेथे भिलाई आहे तो छत्तीसगडचा मुलूखही त्याबरोबर कंपनी सरकारकडे गेला, हा केवळ योगायोग. तथापि नव्या सत्तेचा दोर कोणता होता, हे त्यातून दिसते.

तारायंत्राची ही जमीन मार्कोनीने बिनतारीत आणली. १८९५ मध्ये बोलोन्याजवळच्या आपल्या घरी प्रयोग करीत असता त्याने ठिणगीयंत्राचे एक टोक उंचावरील पत्र्याला व दुसरे जमिनीतील पत्र्याला जोडले. त्यासरशी संदेशाचा पल्ला एकदम वाढला आणि टेकडीपलीकडेही संदेश पोहोचू लागला. ऑलिव्हर लॉज यांचे मत निराळे होते. त्यांनी आपल्या पद्धतीत जमिनीऐवजी धातूचा दुसरा विस्तार वापरला. जमिनीवाचूनही चालते, मात्र जमिनीच्या जागी दुसरे काही तरी हवेच, असा त्याचा अर्थ. पुढे यालाच प्रतिभार म्हणू लागले. भिलाईच्या जीपचे सारे रहस्य लॉज यांच्या या आग्रहात दडलेले आहे. परंतु तेथे येण्यास अजून अवकाश आहे.

जमिनीचे महत्त्व मार्कोनीच्या माणसांना कडू अनुभवाने कळले. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात बिनतारी संच पाठविण्यात आले. डोलकाठ्या नव्हत्या म्हणून बांबू उभारले, ते तेथील कोरड्या हवेत तडकले. पतंग उडविले, तर वारा पडला. जमीनही कोरडी ठक्क होती. अखेरीस ते संच आरमाराने आपल्या जहाजांवर चढविले, आणि तेथे त्यांनी चांगले काम दिले. खाऱ्या पाण्याइतका उत्तम भूसंपर्क निसर्गात दुसरा नाही. कोरड्या मुरमाड जमिनीपेक्षा समुद्राचे पाणी हजारो पटींनी अधिक वाहक आहे. बिनतारी प्रथम जहाजांवर स्थिरावली, त्याचे हेही एक कारण म्हणता येईल.

एरियलच्या मेळाची गोष्ट निघाली म्हणजे १२ डिसेंबर १९०१ हा दिवस आठवल्यावाचून राहत नाही. न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर सोसाट्याच्या वाऱ्यात मार्कोनीने पतंगाच्या साहाय्याने तार वर चढविली आणि अटलांटिकपलीकडून येणारे संकेत ऐकण्याचा यत्न केला. पतंग वर-खाली होई, तसतशी तारेची विद्युत्‌धारकता बदले, आणि ग्राहकयंत्राचा मेळ क्षणोक्षणी बिघडे. शेवटी त्याने मेळ बसविण्याचा नादच सोडला आणि मेळाची गरज नसलेले साधे ग्राहकयंत्र वापरले. त्यात जो पाऱ्याचा संसूचक होता, त्याचे मूळ आपल्या जगदीशचंद्र बसूंनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. त्या दिवशी मार्कोनीला संकेत खरोखर ऐकू आले की नाही याविषयी आजही वाद आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. जे हलते, त्याचा मेळ टिकविणे कठीण.

हलणाऱ्या बिनतारीचा पहिला प्रयत्नही मार्कोनीनेच त्याच १९०१ साली केला. वाफेवर चालणाऱ्या एका थॉर्निक्रॉफ्ट गाडीच्या टपावर त्याने धातूचे उंच नळकांडे बसविले. प्रवासात ते आडवे पाडता येई. आणि जमीन? तारेच्या जाळीची एक पट्टी तो भुईवर अंथरी. गाडी चालू असता ती मागून फरफटत नेली तरी चाले. आज आपणांस ते हास्यास्पद वाटेल, पण गाडीत बसलेल्या बिनतारीचे दुसरे अर्धे गाडीबरोबरच गेले पाहिजे, ही जाण त्यात होती.

येथपर्यंत केबलीचा प्रश्न फारसा नव्हता, कारण एरियलची तार सरळ यंत्रातच येई. यंत्र एकीकडे आणि एरियल दुसरीकडे असे झाले, तेव्हा मधला मार्ग कसा असावा हा प्रश्न उभा राहिला. आणि या प्रश्नाचे एक ठळक उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर आले होते, हे फार थोड्यांच्या स्मरणात आहे. १९२७ साल आपण नभोवाणीचे साल म्हणून ओळखतो. त्या वर्षी २३ जुलैस व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन केले. परंतु त्याच वर्षी पुण्याजवळ खडकी येथून इंग्लंडशी थेट बिनतारी संदेशवहनही सुरू झाले. प्रक्षेपण खडकीहून, ग्रहण दौंडला. तिकडे इंग्लंडात ग्रिम्सबी आणि स्केगनेस. आपल्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटात दूरचे क्षीण संदेश बुडू नयेत म्हणून ही दोन ठाणी एकमेकांपासून पाऊणशे किलोमीटर दूर ठेविली होती.

ही मार्कोनी कंपनीची 'बीम' पद्धती. तिचा शिल्पकार चार्ल्स सॅम्युएल फ्रँकलिन हा अभियंता. उंच मनोऱ्यांमधून उभ्या तारांचे पडदे टांगावयाचे, त्यांच्या मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा, आणि लहरींचा झोत नेमका एका दिशेस सोडावयाचा. या सर्व तारांना एकाच क्षणी, एकाच तालात शक्ती पोहोचविणे अगत्याचे होते. एकीला अंमळ उशीर झाला की झोत विस्कटलाच. उघड्या तारांनी ती न्यावी, तर वाटेतल्या तारा स्वतःच लहरी फेकू लागतात. म्हणून फ्रँकलिनने तांब्याची एक नळी दुसऱ्या नळीत घातली. आतली चिनी मातीच्या आधारांवर तोलून धरलेली, बाहेरची जमिनीशी जोडलेली. शक्ती जावयाची ती या दोहोंमधील पोकळीतून. बाहेरच्या नळीला हात लावा, ती भुईलगत न्या, पावसात भिजू द्या, आतल्या प्रवाहास त्याची वार्ताही नाही! झाडाला फांद्या फुटाव्यात तशी ही नळी फुटत जाई आणि खोडापासून प्रत्येक पानापर्यंतचे अंतर सारखे राही.

समाक्ष तारेची कल्पना सर्वस्वी फ्रँकलिनची नव्हे. ऑलिव्हर हेव्हिसाइड या विक्षिप्त प्रज्ञावंताने १८८० मध्येच तिचे इंग्लंडात पेटंट घेतले होते. अमेरिकेत एस्पेनशीड आणि ॲफेल यांनी १९२९ मध्ये दूरध्वनीसाठी तिचा पुरस्कार केला. १९३३ मध्ये पॉलिथीनचा शोध लागला आणि पुढे महायुद्धात रडारच्या निमित्ताने तांब्याच्या ताठ नळीची लवचिक केबल झाली. आज जीपमधून जाणारी पेन्सिलीएवढी काळी दोरी हीच त्या नळीची वंशज.

माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. अतिजलद कंपनांचा प्रवाह धातूच्या आत खोल शिरत नाही. तो पृष्ठभागावरून धावतो. म्हणून केबलीच्या बाहेरच्या जाळीला वस्तुतः दोन निरनिराळे पृष्ठभाग आहेत. आतल्या पृष्ठभागावरून परतीचा प्रवाह येतो, बाहेरचा रिकामा असावयास हवा. मात्र एक अट आहे. केबलीच्या वरच्या टोकाला एरियलचे दुसरे अर्धे हजर असले पाहिजे. काठीत जेवढा प्रवाह चढतो, तेवढाच गाडीच्या पत्र्यावरून जाळीच्या आत उतरला पाहिजे. पत्रा तेथे जोडलेलाच नसेल, तर प्रवाह थांबत नाही. तो जाळीच्या कडेवरून वळसा घालतो आणि बाहेरच्या पृष्ठभागाला लागतो. मग ती केबल केबल राहत नाही, एरियलचा भाग होते. तिची लांबी बदलणे म्हणजे एरियल बदलणे, आणि तिला टेकलेला गुडघा म्हणजे एरियलला टेकलेला गुडघा!

याची परीक्षा सोपी आहे. निर्दोष केबलीची लांबी कमीअधिक केली तरी स्थिर लहरींचे प्रमाण जवळपास तेच राहते. केबल कापली आणि मीटर लक्षणीय बदलले, तर दोष लांबीत नाही, जोडणीत आहे. आम्ही कंस सोडविला. त्याच्याखाली जीपचा हिरवा रंग जसाच्या तसा शाबूत होता. लोखंड आणि लोखंड यांमध्ये कागदाएवढ्या जाडीचा रंगाचा थर. कानशीने तो खरवडला, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला, आणि काटा खाली येऊन बसला तो गुडघ्यांना जुमानीना. कापलेल्या केबलीचे तुकडे तेवढे फुकट गेले.

आता, मीटर खाली आले म्हणजे सर्व ठीक झाले, असेही समजू नये. येथे बिनतारीतला एक मोठा चकवा आहे, आणि मोठमोठे अनुभवी लोक त्यात सापडलेले मी पाहिले आहेत. समजा, सात मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी जीपवर अडीच मीटरची काठी उभी केली आणि बुंध्याशी वेटोळे घालून तिचा मेळ बसविला. वस्तुतः तेथे चतुर्थांश लहर म्हणजे साडेदहा मीटर उंची हवी. इतक्या आखूड काठीचा प्रारण-रोध जेमतेम १·४ ओम भरतो. पत्र्याच्या व जमिनीच्या अपुरेपणाचा रोध १० ओम धरला, तर वेटोळ्यातील नाश सोडूनही शंभर वॅटपैकी फार तर १२ वॅट आकाशात जातात. उरलेले धरणीमातेला ऊब देतात. आणि भूसंपर्क आणखी बिघडून तो रोध ४८ ओमच्या आसपास गेला, तर एकूण बेरीज पन्नासाजवळ जाते. संचाला आणि केबलीला पन्नासच हवे असतात, तेव्हा मीटर आदर्श मेळ दाखविते. आकाशात जातात ते तीन वॅटही नव्हेत! जमीन सुधारली की उलट मीटर वर चढते, आणि अजाण माणूस सुधारणा काढून टाकतो. लांब, बारीक केबलही अशीच फसविते. दोन मीटर लहरींवर बारीक केबलीची वीस मीटर लांबी घेतली, तर वरचे एरियल काढून टाकले तरी खालचे मीटर अडीचच्या आसपासच राहते, कारण परत येणारी शक्ती वाटेतच आटलेली असते.

चुकीची किंमत केवळ छंदापुरती नसते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. ४२·३४ मीटरवर २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडेपर्यंत हे गुप्त केंद्र जागा बदलून बदलून बोलत राहिले. या लहरीचा चतुर्थांशही साडेदहा मीटरच. बिऱ्हाड हलविले की तार नवी टांगावयाची, भूसंपर्क नवा शोधावयाचा. वरच्या मजल्यावरील खोलीत जमीन म्हणून जी तार किंवा जो पाण्याचा नळ हाती लागतो, तो खाली भुईला टेकेपर्यंत स्वतःच दहा मीटरांचा होतो, म्हणजे तोच एरियल होऊन बसतो. ज्याने अशा जागेत एकदा तरी प्रक्षेपक लाविला आहे, त्याला या मंडळींनी दर मुक्कामी काय निस्तरले असेल याची कल्पना येईल. आणि त्यांच्या दारी तर पोलीस होते.

जमीन किती हवी, याचा हिशेब अमेरिकेतील ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन यांनी १९३७ मध्ये मांडला. मध्यम लहरींच्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे तांब्याच्या १२० तारा पुराव्यात, हा त्यांचा निष्कर्ष पुढे जगभर प्रमाण ठरला. आकाशवाणीच्या कोणत्याही मनोऱ्याकडे आपण मान वर करून पाहतो, तेव्हा त्याचा न दिसणारा विस्तार आपल्या पायांखाली असतो. याच जॉर्ज ब्राउनची एक मौजेची हकीकत आहे. पोलिसांच्या वगैरे ठाण्यांसाठी, जमिनीपासून उंचावर बसणारे एरियल त्याने रचले. उभ्या काठीच्या बुडाशी दोन आडव्या काठ्या पुरेत, असे त्याचे गणित व मापन सांगत होते. विक्री पाहणाऱ्या मंडळींना ते पटेना. दोन काठ्यांचे एरियल चारी दिशांना सारखे बोलते यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून चार काठ्या लावल्या. आजही गावोगावच्या गच्च्यांवर जी चार पायांची एरियले दिसतात, त्यांतले दोन पाय गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी आहेत.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासारख्या ठिकाणी अर्थिंग हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. खड्डा खणून मीठ, कोळसा व लोखंडी नळ घालावयाचा आणि उन्हाळ्यात त्यावर पाणी ओतावयाचे. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीला भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी चार नावे देतो. कन्हार म्हणजे ओल धरून ठेवणारी काळी जमीन, भाटा म्हणजे खडकाळ, तांबडी. वैशाखात भाट्यावर पुरलेला नळ केवळ नावाचाच भूसंपर्क. परंतु हे अर्थिंग माणसाला विजेचा धक्का बसू नये, वीज पडली तर तिला वाट मिळावी यासाठी आहे, आणि ते अवश्य हवे. त्याने एरियलचा मेळ सुधारेल असे मात्र नाही. दोन मीटर लहरींवर अर्ध्या मीटरची तार म्हणजेच चतुर्थांश लहर. तिचे खालचे टोक जमिनीत रोवलेले असले, तरी वरच्या टोकाला जमीन जणू तुटलेलीच असते. माझ्या स्नेह्यांनीही प्रथम जीपखाली साखळी लोंबकळत सोडून पाहिली होती, मार्कोनीच्या जाळीसारखी. तिचा उपयोग झाला नाही. ज्या जमिनीची त्यांना गरज होती ती रंगाखाली, अर्ध्या वितीवर होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांचा दूरध्वनी आला. काटा पुन्हा नाचू लागला होता. खरवडलेल्या जागी गंज चढला होता, आणि गंजालाही आपला रोध असतोच. आता ते दर वर्षी खंडेनवमीला कंस सोडवितात, लोखंड घासून उजळ करतात, वंगण लावून बोल्ट आवळतात, आणि मग जीपला झेंडूची माळ घालतात.